सु. दोन, उ. दोन

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं बायकांचं एक मासिक आमच्या घरी आहे. ते सासूबाईंच्या आईचं. त्यात बाळाच्या लोकरी टोपड्याचा नमुना छापलाय, तो असा: सु. २, उ. २. मी आधी तो काढाच समजलो. सुंठ दोन, उडीद दोन. सु म्हणजे सुलट टाका आणि उ म्हणजे उलट, हे कळेपर्यंत घरभर हसून झालं होतं.

सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. आमच्या लेकीच्या बाळासाठी त्या तेच टोपडं विणायला बसल्या आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं.

"जावईबापू, भाषण नको, सावकाश वाचा."

दहाव्या ओळीशी कंटाळून मी एक ओळ गाळली. सगळ्या सारख्याच तर दिसत होत्या.

थोड्या वेळानं विणीवरून बोट फिरवत त्या थांबल्या. "नक्षी सरकली. तुम्ही वाचलंत ते छापील, बरोबरच असणार. माझेच हात गेले आता." आणि त्या उसवायला लागल्या.

छापील शब्दावर इतका विश्वास असणारी माणसं तो वाचणाऱ्यावरही सहज ठेवतात. माझ्या फजित्या मी चारचौघांत रंगवून सांगतो, पण त्यांत नुकसान माझं असतं. इथे ते त्यांचं होत होतं. विणलेलं निम्मं उसवून झाल्यावर कसंबसं म्हटलं, "आई, एक ओळ मी गाळली."

त्यांचे हात थांबले.

"लवकर सांगायचंत. टोपडं काय, पुन्हा होईल. पण या सुया कुणाला द्यायच्या, तेही मी मनात ठरवून टाकलं होतं."