पावसचा पिवळा रातांबा

हातांवर कोड उमटल्यापासून मी प्रवासाचं नाव काढलं नव्हतं. पावसला सासर असलेली माझी मैत्रीण वैशाली दर उन्हाळ्यात बोलवायची आणि मी काहीतरी सबब सांगायचे. यंदा तिने ऐकूनच घेतलं नाही. मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून मी पुण्याहून निघाले, यावरून काय ते समजा.

रत्नागिरीहून पावसला एसटी आहेत. सकाळची पकडा आणि उजवीकडची खिडकी धरा, भाट्याच्या पुलावर समुद्र दिसतो. तिकिटाचे पैसे देताना मी हात ओढणीत घेतला होता. सवयच झालीय.

वैशालीकडे अंगणात रातांबे फोडणं चालू होतं. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ; सालं त्याच्याच रसात बुडवून वाळवली की आमसुलं. सगळ्यांचे हात लालभडक. कुर्त्याला डाग पडतील म्हणत मी लांबच बसले. तिच्या सासूबाईंनी, काकूंनी, माझ्यासाठी एक पाट सरकवून ठेवला.

परसात एका रातांब्याला मात्र पिवळी फळं होती. ते झाड वैशालीचे सासरे, काका, पावसाआधी तोडणार होते.

"पिकतच नाय तो," काका म्हणाले. "लाल व्हायची वाट बघायची, तोवर सगळे गळून जातात."

मी खाली पडलेला एक फोडला. मऊ, रसाळ, तसाच आंबट. इतकी वर्षं तो बिचारा पिकतच होता. बाह्या कोपरापर्यंत सारून मी फळ पुढे केलं.

"काका, हा पिकलाय. ह्याचा रंगच हा आहे."

त्यांनी आधी माझे हात पाहिले, मग फळ चाखलं. मी जाऊन त्या पाटावर बसले आणि संध्याकाळपर्यंत रातांबे फोडले.

निघताना काकूंनी मुठेल दिलं. कोकमाच्या बियांचं तेल थिजवून मुठीत वळलेला हा गोळा भेगांना लावतात. गळालेल्या पिवळ्या फळांच्या बियाही त्यांनी त्यात घेतल्या होत्या. यातलं पिवळ्याचं कुठलं, मी विचारलं.

"ते कसं कळणार गो? तेल दोन्हींचं पांढरंच येतं."

आठवड्याने वैशालीचा फोन आला. झाड उभं आहे. काका रोज सकाळी पिवळी फळं दाबून बघतात.

माझे डाग वाढतायत, पूर्ण बाह्यांचे कुर्तेही अजून कपाटात आहेतच. काल भाजीवाल्याला पैसे देताना हात पुन्हा ओढणीत गेला. मग मी तो बाहेर काढला.