साहेबाचं सुतक

शहागडला हायवेला लागून एक धाबा होता. चतुराबाईंनी सगळं तरुणपण त्या धाब्यावर भाकरी थापण्यात घालवलं. ट्रकवाले पंजाबचे असोत की मद्रासचे, माणूस ताटावर कसा बसतो ते बघून बाई त्याची भूक ओळखायच्या. नवरा वारला, मुलगा कल्याण हा जालन्याला एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये लागला, तेव्हा बाईही त्याच्यामागं आल्या आणि नवलकिशोर शेठच्या गेस्ट हाउसात स्वयंपाकाला राहिल्या. बियाण्याच्या कंपन्यांत बाहेरगावचे पाहुणे येतात, ते तिथं उतरतात. सगळ्यांची पोटं बाईंनी जमवून घेतली. एका इंग्रजाच्या पोटानं मात्र त्यांना हात टेकायला लावले.

बर्नार्ड साहेब. साठीला टेकलेला, लांबोडका, उन्हानं लाल झालेला माणूस. बियाणं साफ करायचं नवं मशीन बसवून द्यायला मार्चात आला आणि उन्हाळाभर राहणार होता. त्याला कंपनीत नेणारा-आणणारा ड्रायव्हर मिथुन. त्याला कामापुरतं इंग्रजी येत होतं. कामापुरतं म्हणजे, अडलं की तो मनानं भर घालायचा.

साहेबाचं खाणं असं: सकाळी तव्यावर भाजलेला पाव, म्हणजे टोस्ट. त्यावर लोणी. सोबत उकडलेलं अंडं, नाहीतर बॅगेत भरून आणलेल्या डब्यांतला गोडसर राजमा. चहा म्हणजे गरम पाण्यात पिशवी बुचकळायची आणि वरून थंड दूध. साखर नाही, आलं नाही, उकळी नाही. दुपारी गार पावात गार काकडी. संध्याकाळी सहालाच जेवण, त्यात बटाटा पाहिजेच, आणि ह्या जेवणालाही त्याच्या गावात 'चहा'च म्हणतात, असं मिथुननं सांगितलं.

"आपल्याकडं निजाम होता म्हणून वाचलो, मावशी," मिथुन म्हणाला. "इंग्रज असता तर आपणबी हेच खाल्लं असतं."

खाण्यापेक्षा बाईंना कोडं पडलं ते हवामानाचं. साहेब रोज सकाळी खाली आला की खिडकीकडं बघून म्हणायचा, आज गरम आहे. आता जालन्यात एप्रिलमध्ये गरम नसणार तर काय असणार? पण बाईंना वाटलं, साहेब तक्रार करून राह्यले. त्यांनी खिडकीला ओलं पोतं लावलं. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, आज कालच्यापेक्षा जरा बरं आहे. बाईंनी कैरीचं पन्हं केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आज वारा आहे. बाई वैतागल्या.

"वाऱ्याला मी काय करू? इचार त्यांना, काय पायजे बराबर?"

मिथुन हसायला लागला. "काई नको, मावशी. आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला 'जेवलात का' म्हणतो ना, तसंच हाय ते. त्यांच्याकडं सकाळी ऊन, दुपारी पाऊस, जूनमधीबी स्वेटर. मंग माणूस माणसाला तेच इचारतो."

"जूनमधी स्वेटर?" बाईंचा हात थांबला. "मंग वाळवणं कधी घालतेत?"

मिथुननं साहेबाला विचारलं. साहेबानं बराच विचार केला आणि वाळवणं घालत नाही असं कबूल केलं. त्याची म्हातारी आई दोरीवर धुणं टाकून खिडकीत बसते आणि थेंब पडला की पळते, एवढंच वाळवण त्याच्या घरी होतं. बाईंना त्या म्हातारीची दया आली. ना कुरडई, ना सांडगा, आणि ह्या वयात धुण्यामागं पळापळ. तेव्हापासून साहेब पानावर बसला की त्या विचारायच्या, "माय बरी हाय का?" एवढं त्याला मिथुनशिवाय कळायला लागलं होतं.

मे महिन्यात एका सकाळी साहेब खाली आला आणि हवेबद्दल काहीच बोलला नाही. खुर्चीवर बसला, ताटाच्या जागी बघत राहिला. चतुराबाईंनी मिथुनला खूण केली. मिथुननं दबक्या आवाजात विचारलं आणि परत आला तो चप्पल काढूनच स्वयंपाकघरात आला.

"मावशी, त्यांची आई गेली."

बाईंनी गॅस बंद केला. पाणी अर्धं तापलं होतं, ते तसंच राहिलं. तवा उतरवून पालथा घातला.

"कधी निघणार हायत?"

"तीन आठवड्यांनी."

"मंग माती?"

"तीन आठवड्यांनीच. त्यांच्याकडं तसंच असतंय. थंड खोलीत ठेवतेत. तवर साहेब इथंच काम करणार."

तीन आठवडे आई थंड खोलीत आणि लेक जालन्याच्या उन्हात. बाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आपल्याकडं माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही. भावकी, शेजारी भाकरी बांधून आणतात, जवळ बसतात, दुखवट्यातल्या माणसाला बळंच दोन घास खायला घालतात आणि सोबत आपणही खातात. ह्या माणसाची भावकी समुद्रापलीकडं. इथं त्याची चूल म्हणजे गेस्ट हाउसचा गॅस आणि शेजारी म्हणजे चतुराबाई. बाईंनी ठरवून टाकलं, माती होईपर्यंत हा गॅस पेटणार नाही. दुसऱ्या खोल्या उन्हाळ्यामुळं रिकाम्याच होत्या, त्यामुळं अडणारं कुणी नव्हतं.

त्या रोज घरून पिठलं-भाकरी फडक्यात बांधून आणू लागल्या. साहेबापुढं ठेवायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. जवळ बसायला पाहिजे हे कळत होतं. पण नोकरी करणाऱ्या बाईनं साहेबाशेजारी खुर्चीवर बसायचं, हे काही त्यांच्या गुडघ्यांना मान्य होईना. साहेब मान हलवून 'छान, छान' म्हणायचा आणि कामावर जायचा. तो गेल्यावर कागदाचा रुमाल उचलला की खाली भाकरी जशीच्या तशी. दुपारचा पाव नाही, संध्याकाळचा बटाटा नाही. साहेब पाण्यावर दिवस काढू लागला. चार-पाच दिवसांतच त्याची पँट पट्ट्याजवळ चुण्या धरू लागली.

कल्याण घरी चिडला. "आई, त्यो इंग्रज हाय. त्याला कुठलं आलंय सुतक!"

"माय तर त्याचीच मेली ना?" बाई म्हणाल्या. कल्याण डबा उचलून पाळीवर गेला.

नवलकिशोर शेठ मात्र असे ऐकणारे नव्हते. कंपनीतून कुणीतरी म्हणालं, तुमचा पाहुणा मशीनजवळ चक्कर येऊन बसला. शेठ तडक मस्तगडातल्या घरून गेस्ट हाउसवर आले.

"बाई, गॅस बंद ठेवून माझा पाहुणा मारता का?"

"सुतक हाय, शेठ."

शेठ जरा नरमले. त्यांच्याही घरी हे पाळतातच. "ते बराबर आहे. आमच्यातही चूल बंद असते. पण आमच्यात माणूस जेवतो, बाई! हा जेवून नाही राह्यला. उद्या त्याला काही झालं तर? मग बाई दुसरी बघावी लागली, तर मला बोल लावू नका."

दुसऱ्या बाईचं चतुराबाईंना फार वाटलं नाही. धाब्याच्या धुरात तरुणपण काढलेल्या बाईला नोकरीची भीती किती असणार? पण माणूस आपल्या ताटावर उपाशी बसतो, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. मीठ जास्त पडतं का? तिखट? की आपण उभं राहतो, बसत नाही, म्हणून घास उतरत नाही? त्या रात्री त्यांनाही भाकरी गेली नाही.

सकाळी फडकं घेऊन त्या आल्या तर साहेब स्वयंपाकघरात. इतक्या दिवसांत त्यानं त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता. पालथा तवा त्यानं सरळ केला होता, पावाची पिशवी फोडली होती, आणि हातात लायटर घेऊन तो खटखट करत होता. बाईंनी फडकं ओट्यावर टाकलं आणि त्याच्या हातातून लायटर हिसकावून घेतला.

"न्हाई सायेब! अजून माती झाली न्हाई!"

साहेबाचे कान लाल झाले. तो रागावला नाही. लेकरू खाऊच्या डब्याशी सापडावं तसा उभा राहिला आणि हळूहळू बोलत गेला. दारातून मिथुन ऐकत होता. तो एरवी मध्येच भर घालायचा, पण आज सगळं ऐकून मगच बोलला.

"मावशी, ते म्हणून राह्यले, मला काई नको, फक्त टोस्ट पायजे. त्यांचे वडील गेल्ते, तवा हे लहान व्हते. त्या सकाळी आईनं आधी गॅस पेटवला. सगळ्यांना टोस्ट केला, आणि खाल्ल्याबिगर कुणाला उठू दिलं न्हाई. घरात काईबी झालं तरी ती आधी तेच करायची. तुम्ही भाकरी आणता, ते त्यांना कळतंय. पण घास गिळत न्हाई. आई गेली आणि घरात टोस्टचा वास न्हाई, हे त्यांना बिलकुल सहन होईना."

चतुराबाई लायटर धरून उभ्या. ज्या घरात मरणाच्या दिवशी चूल विझत नाही, ते घर त्यांच्या डोळ्यांपुढं येईना. मग एकाएकी आलं. बाहेर पाऊस, वर नवऱ्याची खोली बंद, आणि ती म्हातारी, तेव्हाची तरणी बाई, लेकरांपुढं पाव भाजते आहे. ती रडली कधी असेल? बहुतेक पाव भाजतानाच. तेवढ्यापुरतीच लेकरांकडं पाठ असते.

आपण ह्याच्या आईची रीत मोडून त्याला आपली पाळायला लावत होतो, हे बाईंना तिथं उभ्या उभ्या कळलं. सुतक त्याचं होतं. रीत ठरवायला आपण कोण?

पण स्वतःच्या हातानं पेटवणं काही होईना. त्यांनी लायटर साहेबापुढं धरला.

"तुम्हीच पेटवा, सायेब."

हे मिथुनला इंग्रजीत सांगावं लागलं नाही.

साहेबानं गॅस पेटवला, तो भसकन मोठा. पाव टाकला. एक बाजू काळी झाली, दुसरी पांढरी राहिली. त्यानं दोन टोस्ट केले, लोणी फासलं, एक स्वतःच्या ताटलीत ठेवला आणि एक दुसऱ्या ताटलीत. ती ताटली टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवली आणि तिथली खुर्ची मागं ओढून धरली.

बाईंनी मिथुनकडं पाहिलं. मिथुननं दुसरीकडं पाहिलं.

त्या बसल्या. पदर सावरून, खुर्चीच्या अगदी कडेवर. टोस्ट मोडला, कडक करपलेला, आणि तोंडात टाकला. पलीकडं साहेबानं पहिला घास घेतला, मग दुसरा. चावताना त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. ताटली रिकामी झाल्यावर तो आणखी एक टाकायला तव्याकडं गेला.

तोही करपायला लागला, धूर निघाला. चतुराबाई गॅस बारीक करायला उठल्या नाहीत.