फळ्यावरची चूक

बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं आणि महिनाभरात वाटू लागलं, हा विषय आपल्या डोक्याचा नाही. वर्गात सगळे माना डोलवायचे, म्हणून मीही डोलवायचे. एका सकाळी मॅडमनी "भाव वाढला की मागणी घटते" म्हणत फळ्यावर मागणीची रेषा मात्र वर चढवली. आम्ही तीही वहीत उतरवली. मग त्या थबकल्या, हसल्या.

"अरे, माझंच चुकलं की! कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

सगळे एकमेकांच्या वह्यांत डोकावू लागले. म्हणजे कुणालाच कळत नव्हतं! छातीवरचं दडपण एकदम उतरलं. न समजणं इतकं सगळ्यांचं असतं, आणि आपण ते एकटेच लपवत बसतो. मी पहिल्यांदाच हात वर केला.

"मॅडम, पहिल्यापासून सांगाल?"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बरं झालं विचारलंस."