वजन घटलं नाही

जेलची ड्यूटी मिळाली की आम्हा डॉक्टरांना उगाच भाव चढायचा. बाहेर कुणी विचारत नसेना का, आत कैद्याच्या ताटात काय पडायचं ते आमच्या सहीवर. पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. दूध, मऊ भात हवा तर डॉक्टरची चिठ्ठी, आणि चिठ्ठीसाठी काट्यावर वजन घटलेलं दिसायला हवं.

मी दौंडचा, पण नोकरी तेव्हा दूरच्या जिल्ह्यात. तिथल्या जेलात खटला चालू असलेला एक म्हातारा माझं बोलणं ऐकून एकदम खुलला. "सायेब, तुमी तर आमच्याकडचंच की! मी शिरूरचा. दात न्हाईत ओ, भाकर चावत न्हाई. जरा दूध लिवा."

गाववाला म्हणून लिहिलं असं कुणी म्हणू नये, एवढीच माझी काळजी. शिवाय दुधासाठी नाटकं करणारे रोज चार यायचे. त्याला काट्यावर चढवलं. वजन महिन्यापूर्वी होतं तेवढंच. "आबा, वजन तर जसंच्या तसं आहे. दूध कशाला?" म्हणालो, आणि वर हसलोही. पुढच्या दोन खेपांनाही तेच. तो वाद घालायचा नाही, मान हलवून निघून जायचा.

चौथ्या खेपेला पहाऱ्यावरचा शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, पाय बघा जरा त्याचे." नडगीवर अंगठा दाबला, तर खड्डा पडला तो पडलाच. मांस झडलं होतं आणि अंगात पाणी भरलं होतं. काटा पाणी मोजत होता आणि मी शहाणा त्याच्यावर विसंबून बसलो होतो! अंगठा दाबायला किती वेळ लागतो हो? दूध लिहिलं, दवाखान्यात हलवलं. आठवड्याभरात तो गेला.

आता मी रिटायर आहे. गेल्या वर्षी शिरूरच्या एसटी स्टँडवर एका बाईनं हाक मारली. त्याची मुलगी. दवाखान्यात बापाजवळ बसलेली असायची, तिनं मला बरोबर ओळखलं. नको नको म्हणताना चहा पाजला.

"आप्पा शेवटपातूर म्हणत व्हते," ती म्हणाली, "डाक्टर आपल्याकडचे हाईत, माझ्यावर ध्यान हाय त्यांचं. लय उपकार झाले तुमचे."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "अहो, माझं कामच होतं ते."