तीन किलो शंभर

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझी थोरली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि आम्ही तिथल्याच लिंबायत वस्तीत एका खोलीत राहत होतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण माझी भावजय त्याच महिन्यात मोकळी होणार होती, तिला आई नव्हती, आणि एका छताखाली दोन बाळंतिणी नकोत असं आमच्याकडे मानतात. म्हणून मी सुरतेतच राहिले. माय बारा दिवस आली, शेक-शेगडी केली, बारसं उरकलं आणि उधना स्टेशनावरून गाडीत बसून गावी गेली. तिकडे सून तिची वाट बघत होती. मला राग आला होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

मग खोलीत मी आणि पोर. नवरा लूमच्या कारखान्यात बारा तास, तेही रातपाळीला. सकाळी यायचा, भाकर खायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याची झोप मोडू नये म्हणून मी दिवसभर तोंडाला कुलूप लावून बसायचे. शेजारीण ओडिया बोलायची, मी अहिराणी. दोघी एकमेकींकडे बघून हसायचो, बस्स. कधी कधी वाटायचं, पोरीने तरी रडावं, निदान आवाज होईल. पण ती रडायचीही कमी. जन्मली तेव्हा सव्वादोन किलोची, महिन्याने जेमतेम अडीच. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कार्डावर टिंब काढलं, ते खालच्या रेघेच्याही खाली पडलं. पुढच्या महिन्यात तीन व्हायलाच पाहिजे, म्हणाल्या.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "नाही वाढलं तर तुला मायकडे सोडून येतो. वाढलं तर उगाच कामाचे खाडे कशाला?" तो बिचारा काळजीने बोलला होता. मी मात्र त्या दिवसापासून मनातल्या मनात बोचकं बांधायला लागले.

आता सांगते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी पोरीला उपाशी ठेवलं नाही, देवाशप्पथ. पण तिचं वजन वाढू नये असं मला वाटत होतं. ती चुटूचुटू प्यायची, मी तिच्या टाळूवरून हात फिरवायचे, तरी मनातलं ते जात नव्हतं.

वजनाच्या दिवशी बाया लेकरांना नटवून आणायच्या. टोपडं, करदोडा, मनगट्या, चांदीचे वाळे. चारचौघांत अंगावरचं काढलं की नजर लागते म्हणे. नर्सबाई दर वेळी सांगायच्या, "बेन, बधुं काढो, अंगावरचं सगळं काढा." कोण ऐकतंय? लेकरं तशीच काट्याच्या झोळीत जायची आणि काटा चांदीसकट मोजायचा. मागच्या महिन्यात मीही तेच केलं होतं. या वेळी रांगेतच बसून एकेक काढलं. वाळे, मनगट्या, टोपडं, झबलं. मागची म्हातारी म्हणाली, "अवं, करदोडा तरी राहू दे." मी तोही सोडला. नर्सबाईंनी उघडी पोर बघितली आणि सगळ्या रांगेला ऐकवलं, "जुओ, बघा जरा, ही एक शहाणी आहे." धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं.

पोर झोळीत लोंबकळली, हातपाय झाडले. काटा थरथरला आणि थांबला. तीन किलो शंभर. कार्डावरचं टिंब वर चढलं. "सरस. दूध चांगलं आहे तुमचं," नर्सबाई म्हणाल्या. मी रस्ताभर रडत आले. आनंद होता का? होता, अर्धा.

घरी नवरा जागा होता. झोप सोडून आमची वाट बघत बसला होता. त्याला कार्ड वाचता येत नव्हतं. मी म्हणेन तेच खरं.

"वाढनं का?" त्याने विचारलं.

नाही म्हटलं असतं तर दोन दिवसांत मी मायच्या दारात असते. तोंडापर्यंत आलंही होतं.

"वाढनं," मी म्हणाले. "तीन किलो शंभर."

त्याने पोरीला उचललं, तिच्या पोटावर नाक घासलं. "मग आता जायची गरज नाही," म्हणाला आणि दहा मिनिटांत घोरायला लागला.

पोरीला भूक लागली होती. मी तिला जवळ घेतलं. पिताना ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.