पाहुण्यांना पाणी

तज्ज्ञ म्हणून सल्ला द्यायला बोलावलं की माणसानं खूश व्हावं. मी मात्र नाही कसं म्हणावं, याचा विचार करत बसले. सांगलीच्या कोर्टात वकिली करताना बहुतेक वर्षं नवरा-बायकोच्या भांडणात मुलांची ओढाताण बघण्यातच गेली. त्या अनुभवासाठी एका सरकारी समितीनं मला बोलावलं होतं. दोन देशांत फाटलेल्या कुटुंबांसाठी धोरण ठरत होतं. परदेशी कोर्टाचं समन्स इथं कसं बजावावं, मूल घेऊन माहेरी आलेल्या आईला गुन्हेगार धरावं का, असे प्रश्न होते.

नेमकी तशीच एक आई माझ्या भावाच्या घरात बसली होती. त्याचीच मुलगी, माझी भाची. परदेशातला संसार मोडून पाच वर्षांच्या लेकाला घेऊन ती कोरेगावला आली. तिकडे नवऱ्यानं मुलाच्या ताब्यासाठी दावा लावला आणि अपहरणाची तक्रारही दिली. हे नातं मी समितीला आधीच कळवलं. ‘मग तर तुम्ही बोलाच,’ असं उत्तर आलं. शहाण्या माणसांचा मला कधीकधी फार राग येतो.

बैठक ऑनलाइन होती. भाऊ-भावजय बाहेर गेलेली, भाचीला एकटं सोडवेना, म्हणून कोरेगावच्या घरातच लॅपटॉप मांडला. रस्त्यावर गाडी थांबली तरी आम्ही दोघी दचकायचो. कुणी चौकशी केली तर काही सांगू नका, असं शेजाऱ्यांना बजावलं होतं. भाची लेकाला घेऊन आतल्या खोलीत बसली.

माझ्या डोक्यात मात्र दुसरीच आई घोळत होती. इस्लामपूरला बांगड्यांचं दुकान चालवणारी माझी एक अशील. तिचा नवरा मुलाला परदेशी घेऊन गेला तो गेलाच. “आवं वकीलबाई, कोर्टाचा कागूद मिळालाच न्हाई म्हनतोय त्यो,” असं ती प्रत्येक तारखेला रडत सांगायची. त्या माणसाला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील!

अध्यक्षांनी विचारलं, “मॅडम, समन्सबद्दल तुमचं मत?” आणि दारात मोटरसायकल वाजली. शेजारचे निवृत्त सुभेदार एका अनोळखी माणसाला मागं बसवून आले होते.

“आवं ताई, पाव्हणं तुमचं घर हुडकत हुतं. म्हनलं, उन्हातानाचं कशाला फिरायचं? आनून सोडलं.”

आमच्याकडे पाहुण्याला नुसती वाट सांगत नाहीत, दारापर्यंत नेतात. सुभेदारांनी शब्द पाळला होता. सांगितलं काहीच नव्हतं, फक्त आणून सोडलं होतं.

पाहुणे जिल्हा कोर्टाचे बेलिफ निघाले. परदेशातून आलेलं भाचीच्या नावाचं समन्स त्यांच्या हातात होतं. मी माइक बंद केला. दाराच्या फटीतून भाची कुजबुजली, “आत्या, पाया पडते, मी इथं नाही म्हणून सांग.” ते वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात पोरगं तिच्या हातून निसटलं. दोन्ही हातांत तांब्या धरून, पाणी सांडत, बेलिफसमोर उभं राहिलं. आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं, हे माझ्या भावजयीनं त्याला शिकवलं होतं.

“पाणी घ्या,” ते आजीच्याच बोलीत म्हणालं. “आई आत हाय. लय भ्यालीया.”

बेलिफ पाणी प्यायले. भाची बाहेर आली. तिनं सही करून समन्स घेतलं.

“मॅडम, तुमचा आवाज येत नाही,” लॅपटॉपमधून कुणीतरी म्हणालं.

मी माइक सुरू केला. “आईला गुन्हेगार धरू नका. मूल परत पाठवण्याआधी तिचं म्हणणं इथं ऐका.” पुढचं बोलायची मला भीती वाटत होती, कारण भाची माझ्याकडेच बघत होती. “पण समन्स मात्र पोचलंच पाहिजे. ज्याच्या नावाचं असेल, त्याच्याच हातात.”

भाचीनं लेकाला उचललं, आत गेली आणि आतून कडी लावली.