सूर धरणाऱ्याचा फोटो

पौषात लग्नं नसतात, म्हणून तो वाशीमच्या बाजारात येऊन सनई धरून उभा राहायचा. किन्हीराजा गावाकडचा म्हातारा. लग्नात दोन सनईवाले असतात. एक गाणं वाजवतो आणि दुसरा शेवटपर्यंत एकच सूर धरतो. हा दुसरा. जोडीदार तापानं गेला, तेव्हापासून हा एकटाच नुसता सूर धरायचा. लोक हसायचे. मला हसणाऱ्यांचाच राग यायचा. त्या गार वाऱ्यात, फुटलेल्या ओठांनी एवढा दम टिकवून दाखवणारा त्यांच्यात एकही नव्हता.

माझं फोटोचं दुकान समोरच. एका ढगाळ, बोचऱ्या सकाळी मी त्याला म्हटलं, "बाबा, भिंतीपाशी उभे राहा, तुमचा फोटो काढतो."

"खुर्चीवर बसवून काढत असशीन तं काढ," तो म्हणाला. "लगनाच्या फोटोत आमाले बाजूले सरकवतेत. लय सरकलो आता."

सरकवणारा मीच होतो. "वाजंत्री जरा तिकडं" हे माझ्या तोंडात अगदी बसलेलं. मला लाज वाटली. अब्बांनी अकोल्याहून आणलेली कोरीव पाठीची खुर्ची मी उचलली आणि भर रस्त्यात, उजेडात मांडली.

तो टेकतो न टेकतो तोच आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, एक पाटील, खुर्चीशी येऊन उभे राहिले.

"उठव त्याले! त्या खुर्चीवर मी बसतो. माह्या घरच्या फोटोचं काम पाह्यजे ना तुले?"

माघात त्यांच्या घरी दोन लग्नं होती. मी घाबरलो, हे कबूल करतो. म्हातारा उठला नाही, माझ्याकडे बघत राहिला. मी कॅमेऱ्यात फोटो उमटायची काच सरकवली.

"उजेड कमी आहे बाबा. पाच मोजेपर्यंत हलायचं नाही."

थंडीनं त्याचे गुडघे लटलटत होते. "नुसता बसलो तं हालीन," तो म्हणाला. "वाजवू काय?"

वाजवताना माणूस स्थिर राहील, यावर माझा विश्वास नव्हता. पण त्यानं सनई ओठांना लावली, गाल फुगवले, सूर धरला, आणि गुडघे थांबले. मी लेन्सची टोपी काढली. पाटील हात झटकत ओरडत होते, मी त्यांच्यावर आवाज चढवून मोजत होतो. पाचाला टोपी लावली तरी सूर चालू होता. पाटील तरातरा निघून गेले तरी चालूच.

काच धुतली तर म्हातारा लख्ख आलेला. नखंसुद्धा दिसत होती.

पाटलांच्या दोन्ही लग्नांना दुसरा फोटोवाला आला. मी म्हाताऱ्याचा फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. फोटोच्या कडेला एक धुरकट फराटा होता. तो कशाचा, असं जो विचारी त्याला मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगायचो, "पाटील आहेत ते. हलले, म्हणून तसे आले."